डेटाबेस सर्व्हरवर लक्ष ठेवताना नेमकं काय बघायचं

पिंग लागतंय, म्हणजे मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय, म्हणजे डेटाबेस चालू आहे असं समजून निवांत बसू नका भो. सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं सगळं बिलिंग पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर, मी सांभाळतो, सकाळी ट्रक काट्यावर लागले की धडाधड पावत्या पडतात अन् नेमकं तेव्हाच एकदा सगळं ठप्प. सीपीयू थंड, पिंग मस्त, डिस्क मात्र शंभर टक्के भरलेली. झालं असं की जुनं रेप्लिका मशीन (डेटाबेसची जिवंत कॉपी ठेवणारं) मीच काढलं होतं पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे ते मशीन कुठपर्यंत पोचलं याची नोंद, काढायचा राहिला, मग पोस्टग्रेस बिचारं ते मशीन आज ना उद्या येईल म्हणून वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंद) साठवतच बसलं.

म्हणून पहिलं काम, पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या स्लॉटच्या यादीत ॲक्टिव्ह कॉलम फॉल्स असलेला स्लॉट दिसला की विचारा हा कोणाचा, कोणाचाच नसेल तर ड्रॉप करा. १३ व्हर्जनपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही सेटिंग आहे, स्लॉटसाठी किती वॉल साठवायचं त्याला तिथे मर्यादा घाला, डीफॉल्टला काहीच मर्यादा नसते. अन् जागा करायला पीजी_वॉल फोल्डरातल्या फाइली हाताने उडवू नका, डेटाबेस परत न उठण्याची भीती असते.

डिस्कचा अलर्ट ८० टक्क्यांना लावा, पण रोज किती वाढते तेही बघा.

मग कनेक्शन. डीफॉल्ट १०० असतात, ८० ला अलर्ट. चालू कनेक्शनच्या यादीत, म्हणजे पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (काम अर्धवट उघडं ठेवून गप्प बसलेलं कनेक्शन) किती वेळचं आहे ते आधी बघा. आमच्याकडे पोरगं बिल अर्धं एडिट करून चहाला जायचं, त्या रो वरचं लॉक तसंच, बाकीचे बोंबलत बसायचे. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट पाच मिनिटं ठेवला, चहा अजून चालू आहे पण बोंब बंद. स्लो क्वेरीसाठी लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट एक सेकंद, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणारी क्वेरी लॉगमध्ये येते, सुरुवातीला पुरे.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या मशीनवरून दर मिनिटाला एका छोट्या टेबलात एक रो लिहायची अन् वाचायची, ते फसलं की फोन वाजला पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुपवर अलर्ट टाकू नका, गुड मॉर्निंगच्या फुलांत हरवतो. अन् मॉनिटरिंग त्याच सर्व्हरवर ठेवलं तर दोघं सोबतच झोपतात.

खोलीचं तापमान विसरू नका. मे महिन्यात जळगावला पारा ४५ च्या आसपास, लाइट जाते, सर्व्हर यूपीएसवर चालूच राहतो, लाइट परत येते पण आमचा जुना एसी आपोआप चालू होत नाही, कोणीतरी रिमोट दाबायला लागतो, अन् तो रिमोट मालकाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद.