निवृत्तीनंतर आत्म्यानं जिवंत राहायचं तर

जय ख्रिस्त. हे लिहिते आहे ते मुख्यतः माझ्यासारख्या बायकांसाठी. पती प्रभूकडे गेले, मुलं पुण्यात नोकरीला, पेन्शन वेळेवर, घर स्वतःचं. नर्सची नोकरी म्हणजे आयुष्यभर ड्युटीच्या वेळा, आणि मग एकदम सगळा दिवस आपला. आत्म्याला सर्वांत जास्त धोका याच काळात असतो, असं माझं ठाम मत आहे.

तीमथ्याला पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. विलासात रमलेली विधवा जिवंत असून मेलेली आहे, असं सहावं वचन सांगतं. ते पाचव्या वचनासकट वाचा. तिथं दुसरी विधवा आहे, एकटी पडलेली, देवावर आशा ठेवून रात्रंदिवस प्रार्थना करणारी. एकटेपणा दोघींनाही आहे, आधार मात्र वेगवेगळा. याच पत्राच्या सहाव्या अध्यायात देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो असंही आहे. म्हणून शेंगापोळी आवडीनं खाण्यात किंवा जानेवारीत नातवंडांना गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवण्यात पाप शोधू नका. जीव उदास झाला, रात्री झोप येईना, की आपण आधी कशाकडे वळतो ते बघा. मोबाईलकडे, मालिकेकडे, फराळाच्या डब्याकडे, की प्रभूकडे? आठवडाभर स्वतःवर एवढीच नजर ठेवा, उत्तर सापडेल.

मग सकाळ वाचवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दहानंतर डोकं चालत नाही, त्यामुळं उजाडतानाच बसा. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर आधी पाणी भरून घ्या. अर्धं लक्ष पिंपाकडे ठेवून प्रार्थना होत नाही. एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक लहान भाग मोठ्यानं वाचा. एकट्या घरात स्वतःचाच आवाज कानावर पडू द्या, मन कमी भरकटतं. वहीत माणसांची नावं लिहून एकेकासाठी मागा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याचंही नाव त्यात हवं, ते सगळ्यांत अवघड. शब्द सुचत नसतील त्या दिवशी रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन म्हणा. तीही प्रार्थनाच आहे.

आता ज्यावर बहुतेक जणी सोडून देतात त्याबद्दल. काही महिने प्रार्थनेत काहीच वाटत नाही. डोळ्यांत पाणी नाही, आनंद नाही. मग कुणी या सभेतून त्या सभेत फिरतं, कुठंतरी अंगावर शहारा येईल म्हणून. मला वाटतं, तोही विलासच आहे, फक्त पांढऱ्या साडीतला. माझं सासर नान्नजकडचं, द्राक्षबागेचं. फळ देणाऱ्या फाट्याला पिता साफ करतो, हे योहानाच्या पंधराव्या अध्यायातलं वचन मला त्या बागेत कळलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऐन उन्हात बाग बोडकी दिसते. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांवर लोकांना नुसती पानं दिसतात, पण पुढच्या घडाची धारणा त्याच काड्यांच्या डोळ्यांत होत असते. तेव्हा ती झाली नाही, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कितीही खत-पाणी करा, घड येत नाही. म्हणून कोरड्या महिन्यांतही वेळ बदलू नका, जागा बदलू नका, वाचन सोडू नका.

उपवासाबद्दल नर्स म्हणून सांगते. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. त्याऐवजी शुक्रवारी संध्याकाळी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवा. त्या वेळात काय करायचं ते आधीच ठरवा, नाहीतर नुसतं घड्याळ बघत बसाल.

आणि घराबाहेर पडा. तीमथ्याच्या त्याच पाचव्या अध्यायात, दहाव्या वचनात पौल विधवेची सत्कृत्यं मोजतो. मुलांना वाढवणं, पाहुणचार, पवित्र जनांचे पाय धुणं, संकटात सापडलेल्यांना मदत. सगळी हातापायांची कामं. पुण्याच्या गाडीत केडगाव आलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८२ साली विधवा झाल्या, तेव्हा पदरात लहान मुलगी होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणि बायकांना जवळ केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केलं. एवढं आपल्याला झेपणार नाही, पण सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बाहेरगावचे रुग्ण येतात, त्यांचे नातेवाईक व्हरांड्यात पथारी टाकून असतात. त्यांच्यासाठी चार भाकऱ्या जास्त थापता येतात.

जाताना एकट्या जाऊ नका, मंडळीतल्या एका बहिणीला सोबत घ्या. कोरडी चटणी आणि भाकरी न्या, उन्हाळ्यात कालवण विटतं. रुग्णाला द्यायचं असेल तर वॉर्डातल्या सिस्टरला आधी विचारा, पथ्य असू शकतं. प्रार्थना करू का, हेही विचारूनच करा. नको म्हणाले तर थोडा वेळ नुसतं जवळ बसा, आणि परत आल्यावर त्यांचं नाव वहीत लिहा.