उपासनेनंतरचे सहा दिवस: मेथडिस्ट सभासदाने विश्वासात कसे वाढावे आणि सेवेला कोठून सुरुवात करावी

रविवारची उपासना झाली, आशीर्वाद मिळाला, दारात पाळकसाहेबांशी दोन शब्द बोललो आणि घरी आलो, एवढ्यावरच ज्यांचे मंडळीतले जीवन थांबले आहे आणि ते थांबल्याची रुखरुख ज्यांना लागून राहिली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. अशा सभासदाच्या मनात बहुधा दोन इच्छा असतात. आपला विश्वास खोल जावा ही एक, आणि आपल्या हातून कोणाचे तरी भले व्हावे ही दुसरी. अडचण अशी की आपण या दोन इच्छांना क्रम लावतो. आधी प्रार्थनेत आणि वचनात स्थिर होऊ, मग सेवेला लागू, असे म्हणत राहतो, आणि तो ‘मग’ वर्षानुवर्षे उगवत नाही.

मेथडिस्ट परंपरेला हा क्रम मान्य नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ही ख्रिस्ती चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी कृपेच्या साधनांमध्ये भक्तीची कामे आणि दयेची कामे अशी दोन्ही धरली आहेत. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि उपवास यांच्याद्वारे देवाची कृपा आपल्यापर्यंत पोचते. तशीच ती भुकेल्याला जेवू घालताना, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला जातानाही पोचते, अशी त्यांची शिकवण होती. वेस्ली यांचे स्वतःचे आयुष्यच या बाबतीत बोलके आहे. ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात ते कैद्यांना भेटू लागले ते १७३० साली, विल्यम मॉर्गन या सोबत्याच्या सांगण्यावरून. आणि लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत ख्रिस्ताने आपली पापे दूर केली आहेत अशी खात्री त्यांच्या अंतःकरणाला झाली ती २४ मे १७३८ रोजी. त्या खात्रीची वाट पाहत त्यांनी तुरुंगाची पायरी चढायचे लांबवले नव्हते. तेव्हा ‘माझा विश्वास अजून कच्चा आहे’ हे सेवा पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही.

पहिले पाऊल: लहान गट

माझ्या मते आरंभ एकट्याने करू नये. पवित्रता एकान्तात साधत नाही, ती संगतीतच साधते, असे वेस्ली यांनी १७३९ च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत ठासून लिहिले. हे वचन हल्ली केवळ समाजकार्याच्या समर्थनासाठी सांगितले जाते, पण मुळात त्यांचा रोख लोकांपासून दूर जाऊन साधना करण्याच्या कल्पनेवर होता. विश्वासाला भावंडांची सोबत लागते, हे त्यांना सांगायचे होते.

ही सोबत ज्या क्लास मीटिंगमुळे, म्हणजे लहान वर्गांच्या साप्ताहिक बैठकीमुळे, मेथडिस्टांना मिळाली, तिची सुरुवात एका कर्जातून झाली. ब्रिस्टलच्या सभागृहावर देणे होते आणि १७४२ च्या फेब्रुवारीत ते कसे फेडावे यावर चर्चा चालू असताना कॅप्टन फॉय या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणताच तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. ज्यांना देता येणार नाही त्यांचे मी भरीन. अशा रीतीने सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पडले. पेनी गोळा करायला वर्गपुढारी दर आठवड्याला दारी जाऊ लागले, तेव्हा कोणाच्या घरात भांडण आहे, कोण आजारी आहे, कोणाचे वागणे घसरले आहे, हे त्यांना दिसू लागले. आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच, हे वेस्ली यांनी ताबडतोब ओळखले. पुढे घरोघर जाण्याऐवजी सर्वांनी एकत्र बसायची पद्धत पडली आणि वर्गपुढाऱ्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या.

आपल्या मंडळीत असा गट चालू असेल तर पाळकसाहेबांना विचारून त्यात जावे. नसेल तर त्यांच्या संमतीने चार-पाच जणांना बोलवावे. बारापेक्षा मोठा गट करू नये, कारण मग काही जण फक्त ऐकायलाच येतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तासभर पुरे होतो. पहिल्या बैठकीत खुर्च्या गोल मांडाव्यात, एक गीत म्हणावे, छोटी प्रार्थना करावी आणि मग ‘या आठवड्यात तुझ्या जिवाचे कसे काय आहे?’ हा जुना प्रश्न विचारावा. हा प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते ती भरून काढण्याची घाई करू नये. पुढाऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी, आणि तीही खरी. ‘सर्व काही ठीक, प्रभूची कृपा’ असे पुढाऱ्याने म्हटले की गोलातला प्रत्येक जण तेच म्हणतो आणि बैठक तिथेच संपते. त्याऐवजी ‘मंगळवारी मी घरी रागाने बोललो आणि अजून क्षमा मागितलेली नाही’ असे एक वाक्य त्याने बोलले, तर दुसऱ्याची जीभ मोकळी होते. पुढच्या आठवड्यात त्याला त्या क्षमेबद्दल कोणीतरी विचारले पाहिजे. गटाचा सगळा उपयोग या पुढच्या विचारण्यात आहे. गटात बोललेले गटाबाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत ठरवावे. मात्र कोणाच्या जिवाला, विशेषतः लहान मुलाला, धोका असल्याचे कळले तर ते गुपित राहू शकत नाही, हेही त्याच वेळी सांगून ठेवावे.

हिशेब कशाचा द्यायचा, असा प्रश्न पडला तर १७४३ साली वेस्ली यांनी प्रसिद्ध केलेले सर्वसाधारण नियम हाताशी आहेत. ते तीनच आहेत: कोणाचेही वाईट करू नये, होईल तितके सर्वांचे भले करावे आणि देवाने नेमून दिलेल्या उपासनाविधींना चिकटून राहावे. ऐकायला सोपे वाटतात, पण वेस्ली यांनी प्रत्येकाखाली उदाहरणे दिली आहेत आणि ती बोचतात. फेडता येण्याची शक्यता नसताना कर्ज काढणे आणि जकात चुकवलेला माल विकत घेणे ही त्यांनी ‘वाईट’ मध्ये घातली आहेत. गटाने दर महिन्याला एक नियम घेऊन तो आपल्या आजच्या व्यवहारांना लावून पाहावा.

रोजची साधना

यावर फार लिहिण्याची गरज नाही. येथे कळते पण वळत नाही अशी आपली स्थिती असते. दिवसाची एक वेळ आणि घरातली एक जागा ठरवावी. एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा एक छोटा भाग वाचावा, वाचलेल्यातील एका वाक्यावर प्रार्थना करावी आणि ज्यांना आपण भेटणार आहोत किंवा भेटून आलो आहोत त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. वहीत ही नावे लिहून ठेवण्याची सवय अतिशय उपयोगी पडते, कारण नावे लिहिलेली असली की प्रार्थना आपल्याच गरजांभोवती घोटाळत नाही. प्रभुभोजन चुकवू नये; आपण अपात्र आहोत असे वाटून मागे राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की वेस्ली ते जितक्या वेळा मिळेल तितक्या वेळा घ्यावे असे शिकवत, आणि शोधणाऱ्या, अजून खात्री न झालेल्या माणसालाही तेथे कृपा मिळते असे मानत. उपवास प्रकृतीला मानवेल तेवढाच करावा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूसाठी बाजूला काढावेत.

आजाऱ्याची भेट

सेवेची दारे पुष्कळ आहेत, पण पहिले कोणते उघडावे असे कोणी मला विचारले तर मी आजाऱ्याची भेट असेच सांगेन. तिला पैसा लागत नाही, पद लागत नाही, समिती लागत नाही आणि प्रत्येक मंडळीत कोणी ना कोणी आजारी असतेच. वेस्ली यांनी १७८६ साली या विषयावर स्वतंत्र प्रवचन केले. त्यात त्यांचा भर एका गोष्टीवर आहे: स्वतः जावे. मदत किंवा डॉक्टर पाठवून आजाऱ्याचे काम होईल, पण जाणाऱ्याला जी कृपा मिळायची ती मिळणार नाही. त्याची कृतज्ञता वाढणार नाही आणि दुःखिताविषयीचा कळवळाही वाढणार नाही. हे काम स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, श्रीमंत-गरीब सर्वांचे आहे, असेही त्यांनी त्यात बजावले आहे.

जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारावी. आपल्याला खोकला-सर्दी असेल तर जाऊ नये. पहिल्या काही भेटींना अनुभवी सभासदाला बरोबर घ्यावे, आणि लहान मुले किंवा एकटी राहणारी दुर्बल माणसे यांच्याकडे जाताना मंडळीने घालून दिलेले नियम पाळून दोघांनी मिळून जावे. खोलीत गेल्यावर उभे राहून बोलू नये, कारण पडून असलेल्या माणसाला मान वर करून पाहावे लागते. खुर्ची पलंगाजवळ ओढून, आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील असे बसावे. फोन बंद करून खिशात ठेवावा. बोलण्याची सुरुवात शास्त्रवचनाने करण्याचा मोह आवरावा. वेस्ली यांचाही सल्ला असाच आहे की आधी बाहेरच्या परिस्थितीची चौकशी करावी: खायला पुरेसे आहे का, अंगावर पुरेसे कपडे आहेत का, थंडी असेल तर जळण आहे का. आज या चौकशीत औषधे कोण आणून देते, रात्री जवळ कोण असते आणि रुग्णालयात न्यायला वाहन आहे का, हेही आले. यातले जे आपल्याला करता येईल ते तिथेच कबूल करावे आणि जे येणार नाही त्याचे आश्वासन देऊ नये. दिलेला शब्द न पाळणारा भेटकरी न आलेल्यापेक्षा जास्त दुखावून जातो.

त्यानंतर ऐकावे. ‘देवाची इच्छा असेल’, ‘यातून काहीतरी चांगलेच निघेल’, ‘माझ्या नात्यातल्या एकाला हेच झाले होते’ ही वाक्ये आपल्या तोंडून निघतात ती बहुधा आपली अस्वस्थता झाकण्यासाठी, म्हणून ती टाळावीत. आजारी माणूस रडला तर रडू द्यावे. पाण्याचा पेला हाताशी सरकवावा आणि गप्प बसावे. निघण्यापूर्वी ‘आपण प्रार्थना करू का?’ असे विचारावे आणि होकार आला तरच, त्याने स्वतः बोललेल्या गोष्टी घेऊन, तीन-चार वाक्यांची प्रार्थना करावी. तेविसावे स्तोत्र पुष्कळांना पाठ असते. ते सावकाश म्हटले की ज्यांचे बोलणे जवळजवळ थांबले आहे अशांचेही ओठ त्याबरोबर हलताना मी पाहिले आहेत. पंधरा-वीस मिनिटांत निघावे आणि पुन्हा कधी येणार तो दिवस सांगून निघावे. भेटीचे छायाचित्र काढू नये आणि आजाराचा तपशील मंडळीत प्रार्थनाविनंतीच्या नावाखालीसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय सांगू नये.

पैसा, वेळ आणि अंगी असलेले गुण

देण्याबाबत वेस्ली यांची शिस्त ‘प्रामाणिकपणे मिळवता येईल तितके मिळवा, वाचवता येईल तितके वाचवा, देता येईल तितके द्या’ अशी तीन पायऱ्यांची आहे आणि आपण सहसा दुसऱ्या पायरीवर मुक्काम करतो. त्यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाचे उदाहरण दिले आहे, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच होते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याची वर्षाची मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत भागवून त्याने दोन दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, तेव्हाही तो २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२. हे आकडे जसेच्या तसे कोणाला झेपतील असे नाही, परंतु पगार वाढल्यावर पहिला विचार खर्च वाढवण्याचा करायचा की देणे वाढवण्याचा, हा प्रश्न गटात एकदा मोकळेपणाने घ्यावा.

मंडळीतील इतर कामे आपापल्या गुणांप्रमाणे निवडावीत: संडे स्कूलमध्ये शिकवणे, गायनात साथ देणे, हिशेब ठेवणे, ज्यांना येता येत नाही अशा वृद्धांना उपासनेला आणणे. बोलण्याचे दान असेल तर पाळकसाहेबांशी बोलून स्थानिक उपदेशकाच्या शिक्षणाची चौकशी करावी. पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या स्त्री-पुरुषांनी उपदेश करणे हे मेथडिस्ट चळवळीच्या आरंभापासूनचे बळ आहे. तुरुंगातील सेवा मात्र हौसेने एकट्याने सुरू करू नये. तिला अधिकाऱ्यांची परवानगी, प्रशिक्षण आणि सातत्य लागते, कारण कैदी पुढच्या भेटीचे दिवस मोजत असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. एका वेळी एकच काम घ्यावे आणि ते निदान वर्षभर सोडू नये. उत्साहात चार जबाबदाऱ्या घेऊन सहा महिन्यांत थकून गेलेले, आणि त्या थकव्यात उपासनेलाही यायचे थांबलेले सभासद मी पाहिले आहेत. प्रार्थना कोरडी वाटू लागली तर काम सोडण्याआधी ते गटात सांगावे.

निवड करायला मेथडिस्ट वर्षात एक नेमका प्रसंगही आहे. वेस्ली यांनी ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स येथे कराराची उपासना, म्हणजे देवाशी केलेला समर्पणाचा करार नव्याने करण्याची उपासना, प्रथम घेतली आणि आज अनेक मंडळ्यांत ती नववर्षाच्या सुमारास होते. त्या उपासनेत आपण देवाला म्हणतो की मला कामाला लाव किंवा सहन करायला लाव, तुझ्यासाठी वापर किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. हे शब्द उच्चारण्यापूर्वीच्या आठवड्यात गटाने एकत्र बसावे. प्रत्येकाने येत्या वर्षासाठी भक्तीची एक सवय, दयेचे एक काम आणि पहिल्या भेटीची तारीख कागदावर लिहावी, तो कागद शेजारी बसलेल्याकडे द्यावा आणि त्याचा आपण घ्यावा.