मावा, पानं आणि डिजिटल सूक्ष्मदर्शक: फोटोला बसण्यापूर्वीची तयारी

लॅपटॉपला जोडायच्या डिजिटल सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो चांगला येणार की नाही, हे निम्मं बागेतच ठरतं. म्हणून तयारी तिथूनच करा. सुरुवातीला पळणाऱ्या किड्यांच्या नादी लागू नका. रुईच्या किंवा कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) असतो, तो शोधा. रंग भडक, पाय काळे, आणि सोंड झाडात रोवून बसलेला असल्यामुळे जागचा फारसा हलत नाही. ऊन चढायच्या आत गेलात तर इतर किडेही सुस्त सापडतात. काही तोडण्याआधी मोबाइलवर आधी अख्ख्या झाडाचा, मग फांदीचा, मग पानाच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. किडा नुसता चिमट्याने उचलू नका; मावा ओढून काढला तर त्याची सोंड तुटू शकते. शेंडाच कात्रीने कापा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. डबीत ओलसर टिश्यू चालेल, पाण्याचा थेंब मात्र नको, एवढासा जीव त्यात बुडतो.

रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत. पावसाळ्यात केसाळ सुरवंटांना आणि काळ्या-केशरी पट्ट्यांच्या, लांबट मुंगीसारख्या दिसणाऱ्या भुंगेऱ्याला उघड्या हाताने शिवू नका. तो भुंगेरा अंगावर चिरडला तर कातडीवर फोड उठतात.

आता टेबल. पंखा बंद करा, हे सगळ्यात आधी. वाऱ्याची जी झुळूक आपल्याला कळतही नाही, तिने पडद्यावरचं पान गदागदा हलतं. शेंडा मुलांच्या क्लेमध्ये किंवा घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळीत खोचून उभा करा. फोटो काढायला सूक्ष्मदर्शकावरचं बटण दाबू नका, लॅपटॉपवरून क्लिक करा. खोक्यावर १००० पट लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. किड्यांसाठी ३० ते ५० पट पुरतं. त्याच्या पुढे गेलात की डोळा स्पष्ट आणि पाय धूसर, अशी ओढाताण सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे एकाच किड्याचे वेगवेगळ्या फोकसचे दहा-बारा फोटो काढून ते सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करणं. त्यासाठी फोकसचं चाक फिरवू नका, कारण या स्वस्त उपकरणांत चाकाबरोबर किती पट मोठं दिसतं तेही बदलतं. स्टँडची उंची केसभर वर-खाली करा. चाक तिथेच ठेवून स्टीलच्या पट्टीचाही एक फोटो घ्या. पट्टीवरचा १ मिलिमीटर ४०० पिक्सेल भरला आणि लाल कोळी (पानावरची बारीक कीड) २०० पिक्सेल निघाला, तर तो अर्ध्या मिलिमीटरचा.

उजेडावर मात्र वेळ घालवा. भिंगाभोवतीचे एलईडी पूर्ण वाढवले की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं उमटतं आणि खरा रंग हरवतो. ते कमी करा, बटर पेपरची सुरळी करून किड्याभोवती उभी करा आणि टेबललॅम्पचा उजेड एका बाजूने त्या कागदातून येऊ द्या. सावली राहते, म्हणून उठाव दिसतो. पांढऱ्या पिठ्या ढेकणासाठी खाली काळा कागद हवा, पिवळ्या माव्यासाठी राखाडी.

झाडांचं काम त्या मानाने सोपं, पान पळत नाही. कढीपत्त्याच्या पानाला खालून उजेड द्या, तेलाच्या ग्रंथी पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात. टोमॅटोच्या देठावरची ग्रंथींची लव आणि जास्वंदीचे काटेरी परागकण जरूर बघा. पर्णरंध्रं (पानावरची हवेची सूक्ष्म छिद्रं) बघायची असतील तर आदल्या दिवशीच पानाच्या मागे पारदर्शक नेलपॉलिश लावून पूर्ण वाळू द्या, मग सेलोटेपने तो पापुद्रा उचलून काचेवर चिकटवा आणि खालून उजेड द्या. इथे मात्र जास्तीत जास्त पट लागेल.

बसण्याआधी काय शोधायचं हेही ठरवून ठेवा. माव्याच्या पाठीमागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या असतात. आजूबाजूला पडलेले पांढरे पापुद्रे ही त्याची कात. पुष्कळ लोक तिला पांढरी माशी समजून औषध फवारतात. एखादा मावा फुगलेला, तपकिरी आणि पाठीला गोल भोक पडलेला दिसला, तर त्याच्या आत वाढलेली इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते. असा मावा सापडला तर तोच आधी टिपा, आणि त्या झाडावर फवारणी करू नका, तिथे निसर्गच तुमचं काम करतो आहे. मावा थेट पिल्लांना जन्म देतो, म्हणून व्हिडिओची सोय तयार ठेवा आणि लॅपटॉपमध्ये जागा मोकळी करा.

शेंड्याबरोबर मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आली असेल तर तिला माव्याच्याच झाडावर परत सोडा. फाइलच्या नावात तारीख, गाव, झाड आणि पानाची कोणती बाजू, एवढं त्याच दिवशी लिहा. किडा ओळखणारा पहिला प्रश्न झाडाचाच विचारतो.