करमळीच्या तळ्यावरची मळकी बदकं कशी ओळखावी

दिवाळीत नरकासुर जाळून झाला, पहाटे अंगाला थोडा गारवा लागू लागला, की गोव्यातल्या करमळीच्या तळ्याकडे पाय वळवावेत. उत्तरेकडची बदकं तोवर उतरू लागलेली असतात. ओळखायला सर्वांत कठीण ती याच दिवसांत असतात, म्हणून शिकायचं तर आत्ताच शिकावं.

8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. कपडे मळखाऊ रंगाचे घाला आणि उजाडता उजाडता काठ गाठा. करमळी रेल्वे स्टेशन तळ्याच्या जवळच आहे. पुष्कळ जण नवख्याला चोडणच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात पाठवतात. जागा देखणी आहे, पण ती खारफुटी. बदकांची ओळख पक्की व्हायला उघडं, उथळ पाणी हवं. दक्षिण गोव्यात राहत असाल तर कुडचड्याचं नंदा तळं गाठा. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं ते गोव्यातलं पहिलं पाणथळ.

सकाळी पूर्वेच्या काठाला राहा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. मेरेवर, म्हणजे बांधावर बसा आणि पंधरा-वीस मिनिटं बोलू नका.

खरी अडचण यानंतर सुरू होते. ‘पुस्तक उघडा, रंग जुळवा’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता संताप येतो. पुस्तकात ठळक छापलेला असतो तो विणीच्या दिवसांतला नर. वीण आटोपली की बहुतेक नर बदकं आपली रंगीत पिसं गाळतात, मादीसारखी तपकिरी होतात आणि त्याच मळक्या वेशात आपल्याकडे येतात. तलवार बदक आणि थापट्या हिवाळ्यात हळूहळू रंगावर येतात. भुवई बदक फार उशिरा. मी दोन हिवाळे भुवई बदकांच्या अख्ख्या थव्यापुढे वहीत ‘माद्या’ असं लिहीत होतो. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तर त्याच कोपऱ्यातल्या थव्यात जागोजागी पांढऱ्याशुभ्र भुवया दिसत होत्या. जुन्या वहीतली ती पानं मला खोडावी लागली.

तेव्हा सुरुवातीला रंग बाजूलाच ठेवा. आधी अंगाचा घाट बघा, मग चोच, मग शेपटी. लांब, बारीक मान आणि मागे टोकदार होत गेलेली शेपटी दिसली की ते तलवार बदक, रंग कुठलाही असो. चोच डोक्याच्या मानाने अवजड, पुढे उलथन्यासारखी पसरट असेल तर थापट्या. भुवई बदक लहान, आणि त्याच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे आडवे गेलेले असतात. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांग त्याच्याच आकाराचं असल्याने घोटाळा होतो. त्याचा चेहरा साधा असतो, शेपटीच्या बुडाशी एक फिकट रेघ असते. काणूक सगळ्यांत छोटं, त्याची चोच हंसासारखी आखूड. ते इथलंच, तशीच अडईही. अडई मान ताठ ठेवून उभी राहते आणि उडताना शीळ घालते. एकदा ती शीळ कानात बसली की अडईसाठी दुर्बीणही लागत नाही.

एवढं करूनही शंका उरलीच, तर पंख बघायचे. मळक्या दिवसांतही नराच्या पंखावरची खूण पुसली जात नाही. भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी, थापट्याच्या नराचा स्पष्ट निळा. अडईचे पंख सगळेच गडद, त्यांत पांढरं काही नाही. पण पंख दिसायला बदकं उडायला हवीत, आणि नेमकं इथेच लोक नको ते करतात. एकदा माझ्या शेजारी एका टोळक्याने फोटोसाठी टाळ्या पिटल्या, मग खडे मारले. तळं मिनिटभरात रिकामं झालं. अडई रात्रभर शेतांत चरून दिवसा विसावलेली असते. पाहुणी बदकं हजारो किलोमीटर कापून आलेली असतात. त्यांना उठवायचा अधिकार आपल्याला नाही. थांबा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत फेरी मारतो, तेव्हा सगळा थवा आपसूक उठतो. भोवत्या लांबवर दिसताच दुर्बीण पाण्यावर रोखून धरा. चार-पाच सेकंद मिळतात, तेवढ्यात फक्त पंखाचा पुढचा भाग बघायचा. बाकी काही बघायला गेलात तर हातात काहीच लागत नाही.

दोन खुणा जुळल्याशिवाय वहीत नाव लिहू नका. नुसता आकार काढून ठेवा.

पातळभाजी आणि उंडो पाव खाऊन घरी या. नजरेचा सराव घरच्या पोरसात, म्हणजे परसबागेतही होतो, आणि माझ्या मते तिथेच उत्तम होतो. तांबड्या भाजीचं बी राखेत मिसळून फेकलं, वरून झारीने पाणी दिलं, की तासभर उन्हाकडे तोंड करून बसायचं. समोरून ऊन असलं की पक्ष्याचा रंग नाहीसा होतो, उरतो तो नुसता घाट. शेवग्यावर बसलेला बुलबुल शेंडीवरून ओळखायचा, कोतवाल दुभंगलेल्या शेपटीवरून. काल वाफा खणून मी खोरं बाजूला ठेवलं, तर काळी सावलीच वाटावी असं काहीतरी मातीवर उतरलं, हुमणीची एक अळी ओढून काढली आणि शेपूट उभी केली. दयाळ. पंखावरची पांढरी पट्टी मला नंतर दिसली.