एडीएक्सएल३३५ सोल्डर करण्याआधी सप्लाय तयार करा

पंख्याची किंवा पंपाच्या बैठकीची थरथर मोजायला एडीएक्सएल३३५ हा अ‍ॅनालॉग एक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांत नेहमी दिसतो. चिपच्या आत सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेलं असतं. ते सरकलं की कपॅसिटन्स बदलतो आणि त्यावरून आउटपुट ठरतं. हे आउटपुट सप्लायच्या प्रमाणात असतं: ३ व्होल्टवर दर जी (गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) मागे ३०० मिलिव्होल्ट, आणि शून्य जी ला सप्लायच्या साधारण निम्मं. म्हणजे सप्लायवर १० मिलिव्होल्टचा संथ रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) असेल तर ५ मिलिव्होल्ट थेट आउटपुटवर येतात. ती झाली जवळपास १७ मिलि-जी इतकी खोटी थरथर. एक्स आणि वाय अक्षांवर ५० हर्ट्झ बँडविड्थला, म्हणजे ५० हर्ट्झपर्यंतची थरथर मोजताना, चिपचा स्वतःचा नॉइज जेमतेम १.३ मिलि-जी असतो. एवढी चांगली चिप घेऊन तिला गढूळ सप्लाय देऊ नये, म्हणून ही तयारी.

आधी व्होल्टेज ठरवा. चिप १.८ ते ३.६ व्होल्टवर चालते. ५ व्होल्ट थेट कधीच द्यायचे नाहीत. एका लिथियम सेलवर काम करायचं असेल तर ३.३ ऐवजी ३.० व्होल्टचा रेग्युलेटर घ्या. सेल ३.४ पर्यंत उतरला तरी रेग्युलेटरला ०.४ व्होल्टची जागा उरते, आणि ही जागा संपली की रिपल अडवण्याची त्याची ताकदही ढासळते. बाजारात सहज मिळणारा १११७ रेग्युलेटर इथे कामाचा नाही, कारण त्याला व्होल्टभराहून जास्त फरक लागतो. कमी नॉइजचा लिनिअर रेग्युलेटर शोधा. एलपी५९०७ चा आउटपुट नॉइज ६.५ मायक्रोव्होल्टच्या आसपास आहे आणि तो १ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकवर स्थिर राहतो. दुसरा कुठला घेतलात तर डेटाशीटमधला आउटपुट कपॅसिटरचा भाग नीट वाचा. काही जुने रेग्युलेटर सिरॅमिक लावला की दोलायला लागतात. तयार मॉड्यूल असेल तर त्यावर आधीच एखादा रेग्युलेटर बसवलेला आहे का, तेही पाहा.

बक कन्व्हर्टरचा (झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट) आउटपुट थेट सेन्सरला देऊ नका. सेन्सर अवघे ३५० मायक्रोअ‍ॅम्पिअर खातो. इतक्या कमी लोडवर बरेच बक पल्स गाळायला लागतात आणि रिपलची फ्रिक्वेन्सी घसरत घसरत ५० किलोहर्ट्झजवळ येऊ शकते. चिपच्या आतलं घड्याळ नेमकं ५० किलोहर्ट्झचं आहे! तिथला नॉइज आत शिरला की तो मोजमापातच मिसळतो, आणि पुढे कितीही फिल्टर लावले तरी वेगळा काढता येत नाही.

यावर फेराइट बीड (तारेतला वेगवान नॉइज अडवणारा छोटा भाग) हा पहिला उपाय सुचतो, पण बीडची ओहममधली ताकद बहुधा १०० मेगाहर्ट्झला मोजलेली असते. ५० किलोहर्ट्झला ती नगण्य. त्यापेक्षा सप्लायच्या मार्गात १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मला जास्त भरवशाचा वाटतो. कपॅसिटर आदर्श धरला तर ५० किलोहर्ट्झचा रिपल त्याने सुमारे तीनशेपट कमी होतो आणि व्होल्टेज फक्त ३५ मिलिव्होल्टने उतरतं. मात्र एडीसीचा (आउटपुटच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) रेफरन्स, म्हणजे तुलनेचं व्होल्टेज, रेझिस्टरच्या पुढे, म्हणजे सेन्सरच्या सप्लाय पिनवरून घ्या, नाहीतर ते ३५ मिलिव्होल्ट प्रत्येक वाचनात चूक बनून बसतील. रेफरन्स पिन स्वतः जास्त करंट घेत असेल, तर रेझिस्टर लहान करा.

कपॅसिटर निवडताना छापील आकड्यावर जाऊ नका. एक्स५आर जातीच्या लहान सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज आलं की १० मायक्रोफॅरडचे निम्मेही उरत नाहीत, असं होतं. शिवाय असे सिरॅमिक हादऱ्याने स्वतःच व्होल्टेज निर्माण करतात, आणि आपण तर हादराच मोजतोय. म्हणून १० मायक्रोफॅरडला टँटलम घ्या, उलटा न बसवता. सेन्सरच्या सप्लाय पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक हवाच. आउटपुटवरच्या ०.१ मायक्रोफॅरडने बँडविड्थ ५० हर्ट्झ ठरते. त्याला शक्यतो सी०जी जातीचा सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर घ्या.

बोर्डावर खालचा थर अखंड ग्राउंड ठेवा, आणि मोटरचा परतीचा करंट सेन्सरच्या ग्राउंडमधून जाऊ देऊ नका. रिले, बझर, वायफाय मॉड्यूल यांना वेगळा रेग्युलेटर.

आता सेन्सरच्या जागी ८.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा, तो जवळपास तेवढाच करंट घेईल. ऑसिलोस्कोप एसी कपलिंगवर आणि २० मेगाहर्ट्झच्या मर्यादेवर ठेवा. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा. ती वायर अँटेनासारखा कचरा उचलते. आधी टोक ग्राउंडलाच टेकवून स्कोपचा स्वतःचा नॉइज पाहा, मग सप्लाय. मोटर बंद, मोटर चालू, सेल भरलेला, सेल उतरलेला, चारही वेळा रिपल मिलिव्होल्टच्या खाली राहिला तर ८.२ किलोओहम काढून सेन्सर सोल्डर करा.