रांगोळीच्या रेघेनं सुधारलेला फटका

गोल्फमध्ये सात नंबरच्या आयर्ननं (धातूच्या चपट्या तोंडाच्या काठीनं) मारताना माझा क्लब, म्हणजे ती काठी, चेंडूआधी जमिनीला लागायचा. कळंब्याकडच्या माळावर कितीही चेंडू बडवा, फटका जडच. शेवटी चेंडू बाजूला ठेवले आणि घरातली रांगोळी घेतली.

लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढायची, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि नुसता स्विंग करायचा. माती रेघेच्या पुढं, लक्ष्याच्या बाजूला उडायला हवी. माझी मागं उडायची, कारण वजन उजव्या पायावरच राहत होतं. आयर्नला लॉफ्ट, म्हणजे तोंडाला मागं कल, असतोच, चेंडू तो वर नेतो. आपण उचलायला जायचं कारण नाही. वजन आधी डाव्या पायावर न्यायला लागल्यावर खूण हळूहळू पुढं सरकली. मग रेघेवर चेंडू.

क्लबच्या तोंडाला टाल्कम पावडर लावली की चेंडू कुठं लागतो तेही कळतं. माझा हीलकडं, म्हणजे तोंडाच्या दांड्याजवळच्या टोकाला, लागायचा, म्हणून चेंडूपासून जरा लांब उभा राहिलो. (बायकोचा डबा संपला, त्याचा वाद वेगळा.)

आता शेवटचे चेंडू दरवेळी क्लब आणि लक्ष्य बदलूनच मारतो. एक मात्र बघा भावांनो, पावसाळ्यात काळ्या मातीवर हे करू नका, चिखलात खूण दिसत नाही.