आतड्याच्या कॅन्सरच्या भीतीने गोळ्या घेत असाल तर

मोठ्या आतड्याचा कॅन्सर टाळते असं सिद्ध झालेली व्हिटॅमिनची किंवा खनिजाची एकही गोळी नाही. त्यातल्या त्यात आधार आहे तो कॅल्शियमला. 1999च्या अमेरिकेतल्या चाचणीत, आधी पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणारी गाठ, तिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) निघालेल्यांना रोज 1200 मिलिग्रॅम दिल्यावर नवे पॉलिप थोडे कमी झाले. 2015च्या मोठ्या चाचणीत तेवढाही फायदा दिसला नाही.

तरी हाडांसाठी कॅल्शियम घेत असाल, तर आधी ताटातलं मोजा. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. दोनशे मिली दुधातून साधारण 240 मिळतं, 50 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून 180च्या आसपास. कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्या. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा: 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500. एका वेळी याहून जास्त घेतलं तर नीट शोषलं जात नाही. कार्बोनेटची गोळी जेवणासोबतच घ्या. लोहाच्या गोळीबरोबर नको, थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास जाऊ द्या. मुतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लोकलच्या प्रवासात बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी टाळणाऱ्यांनी तर नाहीच.

व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं सॅशे ठरलेल्या आठवड्यांपुरतंच असतं. केमिस्टकडून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीला इजा होते. बीटा-कॅरोटिन सिगारेट ओढणाऱ्यांनी अजिबात घेऊ नये, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला आहे. फॉलिक ॲसिडनेही पॉलिप थांबले नाहीत; गरोदरपणात दिलेलं मात्र बंद करू नका.

सगळ्यात जपायचं ते लोहाच्या गोळ्यांबाबत. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन उतरलं, तर आतड्यातून हळूहळू रक्त जात असू शकतं. गोळ्यांनी आकडा सुधारतो, शौच काळी होते आणि खरं कारण झाकलं जातं. शौचातून लाल रक्त गेलं तरी मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. दोन्ही वेळा डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याबद्दल, विचारा. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत ती होते, आणि सापडलेला पॉलिप बहुतेकदा त्याच वेळी काढता येतो. कॅन्सर रोखणारा उपाय हाच. तपासणीआधी लोहाची गोळी किती दिवस बंद ठेवायची तेही विचारून घ्या, साधारण आठवडाभर ठेवतात. नाहीतर काळा मळ आतड्याला चिकटून राहतो आणि नीट दिसत नाही. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.